उजनीचा गळ घेऊन भाट्याच्या समुद्रावर: मे महिन्यातले सहा दिवस

दिवस पहिला : एकादशी

पहाटे चारला सोलापूर सोडलं तेव्हाही अंगणातली फरशी गार झालेली नव्हती. आदल्या दुपारी पारा ४३ वर गेला होता. आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा हातात देताना बजावलं, "एकादशी आहे. आज माशाचं नाव काढू नका, उद्यापासून काय ते करा." गाडीत मी आणि माझा भाचा, दोघेच. डिकीत दोन काठ्या, तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन धाग्याची, तीन रिळं, शिशाच्या गोळ्या आणि उजनीवर नेतो तो हळद घालून मळलेल्या कणकेचा डबा.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सूत तपासतो. सुट्टीच्या दिवशी उजनीचा काठ गाठायचा, हे पंधरा वर्षं चाललं आहे. चिलापी, कटला, नशीब असेल तर मरळ. पण मे लागला की उजनी हातची जाते. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसी मृतसाठा. पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात पाणी त्या रेषेच्याही खाली उतरतं, पेपरात "उजनी वजा" असे मथळे येतात आणि काठ रोज थोडा थोडा लांब पळतो. गुडघाभर चिखल तुडवून पाण्याशी जावं तर मासा आत खोलात गेलेला असतो. मागचे दोन उन्हाळे पिशवी रिकामीच घरी आली. म्हणून ठरवलं, भर उन्हाळ्यातसुद्धा दिवसातून दोनदा भरणारं पाणी एकदा नीट बघून यायचं.

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर. सोलापूर-रत्नागिरी महामार्ग आता चांगला झाला आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आंबा घाटात काच खाली केली आणि हवा बदलल्याचं नाकाआधी कातडीला कळलं. आमच्याकडे घाम दिसायच्या आधी वाळतो. इथे तो मानेवरून ओघळत राहतो. साखरप्याच्या पुढे झाडांना लगडलेले फणस बघून भाचा म्हणाला, "मामा, इथं उन्हाळा आहे असं वाटंना की!" पारा रत्नागिरीत ३४ होता, पण जीव सोलापूरपेक्षा जास्त घामेजला.

भाच्याच्या कॉलेजातल्या मित्राच्या आजोबांकडे उतरलो. भाट्ये खाडीच्या कडेला घर. आयुष्यभर ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, होते, आता बोटीवर जात नाहीत, पण सगळे त्यांना तांडेलकाकाच म्हणतात. संध्याकाळी त्यांनी आम्हाला गळ लावू दिला नाही. खाडीच्या मुखाशी नेऊन नुसतं बसवलं. "आदी पाणी बगा," म्हणाले. "कुटून येतंय, कुटं वळतंय, कुटं थांबतंय. मासा पाण्याच्या मागं असतो, तुमच्या काठीच्या मागं नाय."

मग त्यांनी तिथीचं गणित सांगितलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल त्या तासाला भरती पूर्ण. उद्या द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पाणी काठोकाठ आणि रात्री पुन्हा साधारण तेव्हाच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. मी तो वहीत लिहून घेतला. घड्याळ आणि ऊन या दोनच गोष्टींवर पंधरा वर्षं गळ टाकलेल्या माणसाला कॅलेंडरमधली तिथी इतक्या कामाची असते हे ठाऊकच नव्हतं.

दिवस दुसरा : द्वादशी

पाच वाजता भाट्याच्या किनाऱ्यावर. मागे सुरूचं बन, पुढे लांबलचक सपाट वाळू. पाणी चढत होतं, पण लाट अशी की पायाला लागून परत जाताना आवाजही करत नव्हती. वारा पाठीमागून, जमिनीकडून, हलका. हा मतलई वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. ते काय असतात हे त्या पहाटे पाठीवर कळलं. रात्रभरात जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची गार हवा पाण्याकडे वाहते आणि किनाऱ्याजवळचं पाणी शांत ठेवते. उन्हाळ्यातली मासेमारी या तीन-चार तासांची. नंतरचा दिवस वाऱ्याचा.

गरी लहान, शिसं हलकं, आमिषाला सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. तांडेलकाकांनी लांब फेकू दिलं नाही. पहिली लाट फुटते आणि दुसरी उठते, त्यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा असतो. वाळू तिथे ढवळते, किडे उघडे पडतात आणि मुडदुशी तिथेच चरते. कंबरभर पाण्याच्याही अलीकडे. पहिली मुडदुशी लागली तेव्हा काठीला धक्का असा बसलाच नाही. तर्जनीवर ठेवलेल्या तंगुसात दोन बारीक ठोके आले, धाग्यात गाठ सरकल्यासारखे. सुताचं काम करणाऱ्या बोटांना ते लगेच ओळखू आले. मासा हातात घेतला: लांबट, टोकदार तोंडाचा, वाळूच्याच रंगाचा, उन्हात धरला की अंगावरून चंदेरी झाक फिरते. नऊपर्यंत अकरा मिळाल्या. वीतभरही नव्हत्या त्या चार सोडून दिल्या.

भरती पूर्ण झाली तसा मासा खायचा थांबला. पाणी पंधरा-वीस मिनिटं जागच्या जागी उभं राहिलं. काका म्हणाले, आता घरी चला. मला वाटलं ओहोटीलाही बघू, म्हणून आम्ही दोघे मागे राहिलो. साडेदहाला वारा पडला, सुरूची पानं गप्प झाली आणि अकराच्या आत समोरून खारा वारा सुटला. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते. अर्ध्या तासात पाण्यावर पांढरे शेंडे दिसू लागले, वाळू उठली, पाणी चहासारखं झालं. तंगूस वाऱ्याने कमानीसारखी वाकली की तिच्यातून काही जाणवत नाही. एकही मासा लागला नाही. मागे राहून बघितलं ते बरं केलं, कारण खिडकी कधी उघडते इतकंच कधी बंद होते हेही माहीत हवं.

संध्याकाळी खाडीत माझ्या कणकेच्या डब्याला काम मिळालं. भाट्याच्या पुलाच्या आतल्या बाजूला, काजळी नदीचं पाणी खाऱ्यात मिसळतं तिथे बोय मासा वरच्या थराला थव्याने फिरतो. कोळंबीकडे तो ढुंकूनही बघत नाही, पण उजनीवरच्या सवयीने लावलेला हरभऱ्याएवढा कणकेचा गोळा त्याने घेतला. बूच तसंच, गाठ तशीच. भाचा ओरडला, "मामा, घेतलाय बे, घेतलाय!" आणि लगेच जीभ चावली, मामाला बे म्हटलं म्हणून. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दिवस तिसरा : त्रयोदशी

आज गळ नाही. पहाटे मिरकरवाडा बंदर. कोकणातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक, आणि मेच्या उत्तरार्धात तिथे घाई असते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. पावसाच्या तोंडाशी बऱ्याच माशांची अंडी घालायची वेळ येते आणि समुद्रही बोटींच्या कामाचा राहत नाही. त्यामुळे प्रत्येक नाखवा, म्हणजे बोटवाला, आता राहिलेल्या फेऱ्या मोजत असतो. नेपाळपासून आलेले खलाशी घरी जायच्या तयारीत. जाळी उतरवून धक्क्यावर पसरलेली, काही बोटींवर डागडुजीची बोलणी सुरू झालेली.

लिलाव ऐकताना भाव इतके वेगाने चढतात की नवख्याला निम्मे शब्द कळत नाहीत. मी टोपल्या बघत होतो. बांगडा होता, पण कमी. तांडेलकाकांनी कारण सांगितलं ते असं: मेमध्ये वरचं पाणी तापतं, ३० अंशांच्या आसपास जातं, आणि हा गरम थर झाकणासारखा बसतो. खालचं गार, खाद्याचं पाणी वर येत नाही. मासा मग खोल जातो किंवा लांब. पावसाळी वारे सुरू झाले की खालचं पाणी वर यायला लागतं, त्याबरोबर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि तारली-बांगड्याचे थवे त्यांच्या मागे येतात. "नारळीपौर्णिमेनंतरचा समुद्र तुमी बगायला पायजे," म्हणाले. "आताचा दमलेला हाय."

त्यांच्या तरुणपणी मासा शोधायचा म्हणजे पाण्याचा रंग, पक्षी आणि वास. आता हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासा कुठे मिळण्याची शक्यता आहे ते पट्टे जाहीर करतं. गार आणि गरम पाणी जिथे भिडतं त्या रेषेवर मासा जमतो, हे त्यामागचं सूत्र. काका म्हणाले, तेच आम्ही रंगावरून ओळखत होतो; फक्त त्यांना वरून दिसतं आणि आम्हाला होडीतून.

एका टोपलीपाशी ते थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तळहातात मावतील अशी पापलेटं होती. २०२३ साली राज्याने पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान पकडायचा नाही. कुणाची टोपली होती ते विचारलं नाही, पण ते लहान मासे डोळ्यांसमोरून जात नाहीत. उजनीत मी हेच बघितलं आहे. बारीक आसाच्या, म्हणजे छिद्रांच्या, जाळ्यात बोटभर पिल्लं येतात, आणि दोन वर्षांनी तीच माणसं म्हणतात, आता धरणात मासा राहिला नाही.

रात्री मात्र चूक झाली, आणि ती माझी. चारला ओहोटी पूर्ण होऊन पाणी पुन्हा चढत होतं, चांदणं छान होतं, म्हणून आम्ही खाडीत तळाला गळ सोडला. साडेआठला भाच्याच्या काठीला शेंगटी लागली. मिशांचा, चिकट अंगाचा मासा. पाठीवर एक काटा आणि दोन्ही कल्ल्यांच्या मागे एकेक. तिन्ही ताठ उभे करून तो सुटायचा प्रयत्न करतो, आणि काट्यावर विष असतं. गोड्या पाण्यातला शिंगाळा मी वर्षानुवर्षं सोडवत आलो आहे, तो कसा धरायचा हे हाताला पाठ आहे. पण ते पोराला सांगायचं राहिलं. त्याने सरळ मूठ आवळली.

अंगठ्याच्या बुडाशी काटा घुसला. रक्त थोडंच, पण दोन मिनिटांत वेदना कोपरापर्यंत गेली आणि पोराचा चेहरा पांढरा पडला. धावत घरी आणलं. काकींनी काही न विचारता चुलीवरचं गरम पाणी घमेल्यात ओतलं, आधी चांगल्या हाताने चटका बघायला लावला आणि मग दुखरा हात बुडवायला सांगितलं. सोसेल इतकं गरम, भाजेल इतकं नाही. निवलं की पुन्हा गरम ओतायचं. माशाचं हे विष उष्णतेने निकामी होतं. पाऊण तासाने तो म्हणाला, "मामा, आता कमी वाटायलंय." सकाळी डॉक्टरांनी काटा आत मोडलेला नाही ना ते बघितलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तोपर्यंत मी झोपलो नाही. बहिणीला फोनवर काय सांगायचं हेच डोक्यात फिरत होतं. जे खाऱ्या पाण्यात तळाला गळ टाकतात त्यांनी पकड आणि जाड फडकं हाताशी ठेवावं, शेंगटीला बोट लावू नये, आणि गरम पाणी कुठे मिळेल ते आधी बघून ठेवावं.

दिवस चौथा : चतुर्दशी

वारा नाही, आकाश निरभ्र, आणि तरी समुद्र बदललेला. काल जिथे लाट कुजबुजत होती तिथे आज लांबून एक फुगवटा उठायचा, संथ येऊन किनाऱ्यावर आदळायचा, आणि पुढचा यायला बराच वेळ लागायचा. काकांनी एकापासून दुसऱ्यापर्यंत आकडे मोजले आणि काठ्या परत घरात ठेवायला लावल्या. दोन लाटांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी ती लांबून आलेली आणि तिच्यात तितकं जास्त बळ. दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर उठलेलं वादळ असतं, इथे त्याचं वारंही लागत नाही, पण लाट पोचते. कातळावर उभा असलेला माणूस दहा शांत लाटा बघून निर्धास्त होतो आणि अकरावी त्याला घेऊन जाते.

दिवसभर सुरूच्या बनात बसलो. काका २०२१ च्या तौक्तेबद्दल बोलले. मेच्या मध्याला ते वादळ किनाऱ्याला धरून वर गेलं तेव्हा त्यांनी ओढलेली बोट रात्रीतून आणखी दोनदा मागे ओढावी लागली. मे महिन्याचा समुद्र सकाळी शांत दिसतो म्हणून त्याच्यावर भरवसा टाकू नये, हे त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत तीनदा सांगितलं.

भाच्याचा हात सुजलेला होता, दुखत नव्हता. काकींनी परवाच्या मुडदुशी तांदळाच्या पिठात तळल्या आणि त्याला जास्तीच्या दोन दिल्या.

दिवस पाचवा : पौर्णिमा

या दिवसासाठी मी सगळा प्रवास पुन्हा करीन.

पौर्णिमेला आणि अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. उधाणात पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. पौर्णिमेच्या हिशेबाने भरती अकरा-सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पाचच्या सुमारास, झुंजुमुंजू व्हायच्या वेळी. काकांनी आम्हाला आरे-वारेच्या बाजूला एका कातळटोकाच्या आडोशाला नेलं. फुगवटा ओसरला होता, तरी आधी दहा मिनिटं लांब उभं राहून लाट कुठपर्यंत चढते ते बघितलं.

पाणी पुरुषभर खाली गेलेलं. एरवी जे कधी दिसत नाही ते सगळं उघडं. कातळाला चिकटलेली कालवं, धारदार, अनवाणी पाऊल टाकलं तर कापतील अशी. डबक्यांत अडकलेली कोळंबीची पिल्लं. भेगांत खेकडे. आणि कातळाच्या मधोमध, काठापासून वीसेक पावलांवर, एक घळ: हातभर रुंदीने सुरू होऊन पुढे बैलगाडी जाईल इतकी रुंद होणारी, तळाशी वाळू, दोन्ही बाजूंना कपारी. काका म्हणाले, "भरतीचं पाणी पयल्यांदा ह्या वाटेनं आत येतं. पाण्याबरोबर खाणारा येतो. ही जागा आता डोळ्यांत ठेवा. तासाभरात दिसायची नाय."

मी वहीत चित्र काढलं. मागच्या डोंगरावरचं एक वाळकं झाड आणि कातळावरचा पांढरा पट्टा, या दोन्हींची रेघ जुळली की समोर घळ, अशी खूण धरली. परत जायची वाट कुठल्या डबक्यातून आहे आणि ते डबकं कधी भरेल, तेही बघून ठेवलं. साडेनऊच्या पुढे थांबायचं नाही हे ठरवूनच गळ काढला.

साडेसातपर्यंत घळ पाण्याखाली गेली. वरून सगळं एकसारखं हिरवं. पकडलेला लहान खेकडा गरीला लावला आणि खूण धरून सोडला. पहिला मासा लागला आणि सरळ कपारीत शिरला. तंगूस कातळावर घासल्याचा खरखरीत कंप बोटांत आला आणि सगळं सैल झालं. टोक ओढून बघितलं: गरीच्या वर दीड हात धागा पिंजलेला, खराब सूत मागावर तुटतं तसा. तेवढा भाग कापून टाकला, जाड तंगूस जोडली.

आठ वाजून दहा मिनिटांनी दुसरा. या वेळी लागताक्षणी काठी वर आणि दोन पावलं मागे, त्याला कपारीत मान घालू द्यायची नाही. मी ओढत होतो आणि भाचा डाव्या हाताने माझा कंबरपट्टा धरून मागे उभा होता. तांबोशी होती. तांबूस पाठ, जाड खवले, जबड्यात दिसणारे सुळे. दीड किलोच्या आसपास. कातळावर घेतल्यावर तिचा रंग सेकंदासेकंदाला गडद होत गेला. मी गुडघ्यावर बसून बघत राहिलो. उजनीत कटला याहून मोठा मिळाला आहे, पण मासा नेमका कुठे उभा असेल हे आधी ओळखून, तिथे गळ सोडून, तिथूनच तो आला असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

काका घड्याळ दाखवत होते. सव्वानऊ. परतीच्या वाटेवरच्या डबक्यात पाणी पोटरीपर्यंत आलं होतं.

दिवस सहावा : प्रतिपदा, आणि नंतरचं

बर्फाच्या पेटीत तांबोशी आणि काकींनी दिलेली आमसुलं. निघताना काका म्हणाले, "आता पुढच्या वेळी भाद्रपदात." सांगोल्याच्या पुढे पुन्हा गरम वारा. घरी पोचलो तेव्हा आईने पेटी उघडून माशाचा डोळा बघितला, कल्ला उचलून लाल आहे का बघितला आणि समाधानाने पातेलं काढलं. बर्फातून आलेला बांगडा विकत घेताना ती आयुष्यभर हेच बघत आली आहे.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे उजनीवर गेलो. गळ नेला नाही. पाणी इतकं उतरलं होतं की जुन्या शेतांचे बांध उघडे पडले होते. अशा उन्हाळ्यात पलसदेवचं बुडालेलं देऊळही पाण्याबाहेर येतं. पंधरा वर्षं मी हा भेगाळलेला चिखल बघून परत फिरत होतो. आता काठावर उभं राहिल्यावर दिसलं की ही ओहोटीच आहे. उजनीला वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी. श्रावण-भाद्रपदात चढणार, वैशाखात उतरणार. इथला तळही आता उघडा होता, वाचायला.

भाच्याने चप्पल काढली, चिखलात उतरला आणि एका पडक्या विहिरीच्या काठावरून ओरडला, "मामा, इथून एक ओढा जायलाय बघा, सरळ खोलात!" मी वही काढली. विहीर, ओढ्याचं वळण, बाभळीचे तीन बुंधे, आणि पलीकडच्या टेकडीवरचा टॉवर. विहीर आणि टॉवर यांची रेघ जुळवून पहिली खूण लिहिली.